जवानांचं शिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भरतीची तयारी करणारी मुलं, त्यांचे पालक, नोकरीत असलेले जवान आणि नुकतेच पेन्शनवर आलेले माजी सैनिक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. अधिकाऱ्यांची भरती हा वेगळा विषय आहे. इथे शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंतच्या, म्हणजे जवान आणि जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, सुभेदारासारखे हुद्दे) यांच्या शिक्षणाबद्दलच बोललं आहे. अटी जाहिरातीगणिक थोड्याफार बदलतात, त्यामुळे अर्ज भरताना त्या वर्षाची जाहिरात समोर ठेवा.

१. जवान व्हायला कमीत कमी किती शिकलेलं असावं लागतं?

कोणत्या कामासाठी जाताय त्यावर ते ठरतं. भूदलात अग्निवीर (चार वर्षांसाठी भरती होणारा जवान) जनरल ड्यूटीसाठी (सगळे याला 'जीडी' म्हणतात) दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३ टक्के लागतात. ट्रेड्समनसाठी दहावी नुसती पास चालते, फक्त प्रत्येक विषयात ३३ टक्के हवेत. हाऊसकीपर आणि मेसकीपर या दोन कामांसाठी आठवी पासही पुरते. टेक्निकल आणि क्लार्कच्या अटी बऱ्याच वरच्या आहेत. त्या प्रश्न ३ आणि ४ मध्ये आहेत.

महिला मिलिटरी पोलीसमधल्या अग्निवीरांनाही शिक्षणाची अट जीडीचीच आहे.

२. मी दहावी पास आहे, टक्केही ४८ आहेत, पण गणितात ३० गुण आहेत. जीडीला चालेल का?

नाही. आपल्याकडच्या मुलांची सर्वात जास्त फसगत इथेच होते. राज्य मंडळात काही विषयांचे गुण एकत्र धरून उत्तीर्ण करण्याची सोय आहे. त्यामुळे एखाद्या विषयात ३५ च्या खाली गुण असूनही निकालपत्रावर 'उत्तीर्ण' असा शेरा येऊ शकतो. सैन्य तो शेरा पाहून थांबत नाही, विषयवार रकाना वाचतं. ४५ टक्के आणि प्रत्येकी ३३ या दोन वेगळ्या अटी आहेत आणि दोन्ही पूर्ण व्हाव्या लागतात. मैदानावर धावून, छाती-उंची देऊन झाल्यावर कागद तपासणीत हे उघडकीला येण्यापेक्षा अर्ज भरण्याआधीच गुणपत्रिका काढून एकेका विषयावर बोट ठेवून बघा.

गुणांऐवजी श्रेणी देणाऱ्या मंडळांसाठी प्रत्येक विषयात किमान 'डी' आणि एकूण 'सी-२' अशी अट असते.

एटीकेटी घेऊन अकरावीला प्रवेश मिळाला असेल, तर दहावी पास झाली असं होत नाही. राहिलेले विषय सुटल्यावरच दहावी धरली जाते.

३. टेक्निकलसाठी बारावी सायन्सच लागतं का? मी दहावीनंतर आयटीआय केलंय.

सायन्स हा नेहमीचा मार्ग आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४० टक्के. पण आयटीआयवाल्यांना दार बंद नाही. दहावीला एकूण ५० टक्के, शिवाय इंग्रजी, गणित आणि विज्ञान या विषयांत प्रत्येकी ४० टक्के असतील, आणि त्यावर दोन वर्षांचा आयटीआय किंवा दोन-तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा असेल, तर टेक्निकलला अर्ज करता येतो.

अट एवढीच की ट्रेड जाहिरातीतल्या यादीत हवा. इलेक्ट्रिशियन, फिटर, मोटार मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक, ड्राफ्ट्समन, सर्व्हेअर असे ट्रेड त्या यादीत असतात. यादीत नसलेला ट्रेड कितीही चांगल्या गुणांनी केला असला तरी इथे उपयोगाचा नाही. आयटीआयला प्रवेश घेतानाच सैन्याचा विचार मनात असेल, तर आधी यादी बघा आणि मग ट्रेड निवडा.

४. क्लार्कसाठी कॉमर्सच हवं का?

शाखा कोणतीही चालते, टक्के मात्र कडक आहेत. बारावीला एकूण ६० आणि प्रत्येक विषयात ५० लागतात. शिवाय इंग्रजीत आणि गणित, अकाउंट्स किंवा बुक-कीपिंग यांपैकी एका विषयात ५० टक्के असणं बंधनकारक आहे. कला शाखेत हा दुसरा विषयच घेतलेला नसतो, म्हणून ७० टक्क्यांची मुलंही इथे अडकतात.

५. नौदल आणि हवाई दलात काय वेगळं आहे?

नौदलात अग्निवीर एसएसआरसाठी (सीनियर सेकंडरी रिक्रूट, म्हणजे बारावीवरची भरती) बारावीला गणित आणि भौतिकशास्त्रासह ५० टक्के लागतात. त्यातल्या मेडिकल शाखेसाठी गणिताऐवजी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र हवं. एमआरसाठी (मॅट्रिक रिक्रूट, म्हणजे दहावीवरची भरती) दहावी ५० टक्क्यांवर जमतं.

हवाई दलात अग्निवीरवायूसाठी बारावी किंवा तीन वर्षांचा इंजिनिअरिंग डिप्लोमा लागतो, तोही ५० टक्क्यांनी, आणि इंग्रजीत वेगळे ५० टक्के हवेत. सायन्स नसलेल्यांनाही हवाई दलात अर्ज करता येतो, पण इंग्रजीची अट त्यांनाही सुटत नाही.

६. मी बी.कॉम. झालोय. जवान म्हणून भरती होता येईल का? पदवीचे जादा गुण मिळतात का?

होता येईल. किमान पात्रता म्हणजे खालची मर्यादा, वरची नव्हे. भरतीच्या रांगेत बी.ए., बी.कॉम. झालेली मुलं आता सर्रास दिसतात. पण जीडीच्या गुणवत्ता यादीत पदवीचे वेगळे गुण नसतात. एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट किंवा टेक्निकलमध्ये आयटीआय-डिप्लोमा असेल, तर त्याचा फायदा पदवीपेक्षा जास्त होतो. जीडीवाल्याकडे हलक्या वाहनाचा परवाना असेल, तर ड्रायव्हरच्या गरजेसाठी त्याला प्राधान्य मिळतं.

पदवीधरांना आडवं येतं ते वय. पदवी हाती येईपर्यंत अग्निवीराच्या वयोमर्यादेतली जेमतेम एखादी भरती उरते. आणि पदवी असेलच तर नुसत्या जीडीचा आग्रह का? सीडीएस (कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस) परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि त्यातून थेट अधिकारी होता येतं. सैन्याच्या शिक्षण शाखेत पदवीधरांसाठी हवालदार एज्युकेशनची जागा असते. धर्मशिक्षक म्हणजे पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू. हे थेट जेसीओ म्हणून घेतले जातात आणि त्यासाठीही पदवी लागते. या जागा थोड्या असतात, पण आपल्याकडे त्यांची माहितीच कमी असल्यानं अर्जही कमी जातात.

७. मुक्त विद्यालयातून दहावी केली आहे. सैन्यात चालते का?

मान्यताप्राप्त मंडळ असेल तर चालते. एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) मान्यताप्राप्त आहे. मुक्त विद्यालयाच्या उमेदवारांकडे शाळा सोडल्याचा दाखला शिक्षणाधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीसह मागितला जातो. भरतीच्या तारखेच्या आदल्या आठवड्यात या सहीसाठी कचेरीत चकरा मारण्याची वेळ आणू नका. मंडळाच्या मान्यतेबद्दल शंका असेल, तर शालेय मंडळांच्या परिषदेच्या यादीत त्याचं नाव आहे का ते पाहा. कमी दिवसांत 'घरबसल्या दहावी' देणारी बरीच मंडळं त्या यादीत सापडत नाहीत.

८. परीक्षा मराठीत देता येते का?

हो. २०२५ पासून अग्निवीरांची ऑनलाइन सामायिक प्रवेश परीक्षा तेरा भाषांत घेतली जाते आणि मराठी त्यात आहे. प्रशिक्षण केंद्रावर पोचल्यावर मात्र हिंदीशिवाय चालत नाही.

९. दहावीवर अग्निवीर झालो तर पुढचं शिक्षण कायमचं राहील का?

राहू नये अशी व्यवस्था आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हाच दोन सोयी सांगितल्या गेल्या. दहावी पास अग्निवीरांना एनआयओएसच्या खास अभ्यासक्रमातून बारावी करता येते. बारावी झालेल्यांसाठी इग्नूची तीन वर्षांची कौशल्याधारित पदवी आहे. तिचे निम्मे क्रेडिट सैन्यात घेतलेल्या प्रशिक्षणातून मिळतात आणि उरलेले निम्मे भाषा, इतिहास, पर्यावरण अशा विषयांतून मिळवायचे असतात.

पण हे आपोआप घडत नाही. नाव नोंदवावं लागतं, असाइनमेंट लिहाव्या लागतात, परीक्षेला बसावं लागतं. चार वर्षांतला सुरुवातीचा काळ प्रशिक्षणात जातो, नंतर पोस्टिंग कुठे येईल ते आपल्या हातात नसतं. म्हणून पलटणीत पोचल्याबरोबर पहिल्याच प्रवेश सत्रात नाव घाला. तिसऱ्या वर्षी जाग आली तर पदवी हातात न घेताच बाहेर पडावं लागेल. हे का महत्त्वाचं आहे ते प्रश्न १५ आणि १८ मध्ये आहे.

१०. कायम नोकरीत असलेल्या जवानाला कॉलेज करता येतं का?

मुक्त किंवा दूरस्थ पद्धतीनं, कमांडिंग ऑफिसरची लेखी परवानगी घेऊन, करता येतं. इग्नूची सैन्यासाठी स्वतंत्र मान्यताप्राप्त प्रादेशिक केंद्रं आहेत आणि पुण्यातही एक आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून मराठी माध्यमात पदवी घेणारेही बरेच आहेत.

नियमित कॉलेजची पदवी नोकरीच्या काळात दाखवू नका. एकच माणूस एकाच काळात युनिटच्या रोलवर आणि कॉलेजच्या हजेरीपटावर कसा, हा प्रश्न आज ना उद्या कोणीतरी विचारतंच. बहुधा तो पुढच्या नोकरीच्या कागद तपासणीत विचारला जातो.

परवानगीचं पत्र, प्रवेशाची पावती आणि प्रत्येक सत्राची गुणपत्रिका यांची एक प्रत घरी ठेवा. पदवी पूर्ण झाल्यावर तिची नोंद युनिटमार्फत रेकॉर्ड ऑफिसात (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) करून घ्या. ही नोंद राहून गेल्यानं डिस्चार्ज बुकात (नोकरी सोडताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) 'दहावी' एवढंच छापून आलेले पदवीधर माजी सैनिक कितीतरी आहेत.

११. सैन्यात स्वतःचं असं शिक्षण असतं का?

असतं, आणि बाहेरच्यांना वाटतं त्यापेक्षा खूप जास्त. आर्मी एज्युकेशन कोर ही स्वतंत्र शाखा आहे, १९२१ साली स्थापन झालेली. तिचं प्रशिक्षण महाविद्यालय मध्य प्रदेशात पचमढीला आहे. पलटणीतले हवालदार एज्युकेशन हे या शाखेचे. जवान त्यांना 'मास्टरजी' म्हणतात.

सैन्याच्या स्वतःच्या शिक्षण परीक्षा आहेत. थर्ड, सेकंड आणि फर्स्ट क्लास अशी सर्टिफिकेटं जुन्या जवानांच्या तोंडी अजून असतात. त्यांच्या जोडीला मॅप रीडिंग. हा विषय ज्याला जमला त्याचं सैन्यातलं निम्मं शिक्षण झालं, असं आमचं मत आहे. टेबलावर १:५०,००० चा नकाशा पसरलेला असतो, हातात सर्व्हिस प्रोट्रॅक्टर आणि होकायंत्र. जवळजवळ आलेल्या समोच्च रेषा बघून चढ किती उभा आहे ते सांगायचं, नाल्याच्या वळणाचा सहा आकडी ग्रिड रेफरन्स काढायचा, मग ग्रिड उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक धरून बेअरिंग दुरुस्त करायचं. दहावीला भूमितीचा कंटाळा असलेला मुलगा इथे कोन मोजायला शिकतो, कारण रात्रीच्या चालीत दोन अंशांची चूक झाली तर आख्खी तुकडी भलत्याच टेकडीवर जाते.

१२. पूर्वीचे शिपाई निरक्षर असत असं म्हणतात. खरं का?

भरती होताना बरेचसे असत. पण लष्करात शाळाही होत्या. इंग्रजांच्या काळात हिंदी शिपायांना रोमन लिपीतली उर्दू शिकवली जाई. पंजाबी, मराठा, गढवाली सगळ्यांना एकाच लिपीत हुकूम वाचता यावेत, हा हेतू. स्वातंत्र्यानंतर तिची जागा देवनागरी हिंदीनं घेतली.

महाराष्ट्रानं हे विसरू नये, कारण इथल्या वंचित समाजातल्या कित्येक घरांत पहिलं अक्षर पलटणीच्या शाळेतून आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ ला महूलाच झाला. पुढे इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा नोकरीबरोबर शाळेचा हा रस्ताही तुटला. महार रेजिमेंट उभी राहिली ती थेट १९४१ मध्ये, बेळगावात.

१३. बढतीसाठी शिक्षण लागतं का, की नुसती सेवाज्येष्ठता?

दोन्ही लागतं. नायक, हवालदार आणि पुढे जेसीओ होताना प्रमोशन कॅडर (बढतीआधीचा प्रशिक्षण वर्ग), मॅप रीडिंग आणि ठरलेली शैक्षणिक पात्रता या अटी असतात, शिवाय वैद्यकीय वर्ग आणि सेवेची नोंद चांगली हवी. बाहेरची पदवी असेल म्हणून रँक लवकर मिळत नाही, हे आधीच समजून घेतलेलं बरं.

१४. जवानाचा अधिकारी होतो म्हणतात. त्यासाठी पदवी हवी का?

सर्वात ओळखीचा मार्ग आर्मी कॅडेट कॉलेजचा, म्हणजे एसीसीचा. त्याला पदवी लागत नाही, बारावी लागते. किमान दोन वर्षांची सेवा आणि २० ते २७ वय असेल, तर लेखी परीक्षा आणि मग एसएसबी (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड) मुलाखत. निवड झाली की डेहराडूनला तीन वर्षं शिक्षण, जेएनयूची बी.ए. किंवा बी.एस्सी. पदवी, आणि नंतर इंडियन मिलिटरी अकादमीत एक वर्ष. जवानाच्या पगारावर असताना पदवी आणि कमिशन दोन्ही मिळतं. हे कॉलेज १९६० मध्ये सुरू झालं आणि १९७७ मध्ये पुण्याहून डेहराडूनला गेलं.

बारावी नसलेला जवान इथे बाहेर राहतो. दहावीवर भरती झालेल्यांना आम्ही 'पहिल्या दोन वर्षांत बारावी उरका' म्हणून मागे लागतो, त्याचं मुख्य कारण एसीसी. मोठ्या वयाच्या, जास्त सेवा झालेल्या जवानांसाठी आणि जेसीओंसाठी स्पेशल कमिशन आणि स्पेशल लिस्ट असे आणखी मार्ग आहेत. पदवी झालेला जवान परवानगी घेऊन सीडीएसलाही बसू शकतो.

१५. पंधरा वर्षं नोकरी झाली की जवान पदवीधर होतो, हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे माणसं अडचणीत येतात.

माजी सैनिकांच्या पुनर्नियुक्तीसाठी केंद्राचे १९७९ चे नियम आहेत. त्यात अशी तरतूद आहे की, दहावी पास आणि किमान १५ वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला गट 'क' मधल्या माजी सैनिकांसाठी राखीव जागेवर, पात्रता पदवी असली तरी, पात्र धरता येतं. त्या पदासाठी तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव अत्यावश्यक नसावा, किंवा अनुभव मागितला असेल तर तो तांत्रिक नसावा आणि थोड्या प्रशिक्षणानं माणूस काम करू शकेल अशी नेमणूक करणाऱ्याची खात्री असावी. याच आधारावर रेकॉर्ड ऑफिस एक प्रमाणपत्र देतं, ज्याला गावोगाव 'आर्मीची डिग्री' म्हणतात.

ती डिग्री नाही. कोणत्याही विद्यापीठानं दिलेली नाही, तिला गुण नाहीत, विषय नाहीत. विशिष्ट नोकऱ्यांच्या दारापुरती दिलेली ती सवलत आहे. बँकेतली क्लार्कची भरती, केंद्राची गट 'क' पदं, राज्यात गट 'क' ची काही पदं, अशा ठिकाणी जाहिरातीतच ही सवलत लिहिलेली असते. जाहिरातीत ते वाक्य शोधा. सापडलं तर अर्ज करा.

१६. ते प्रमाणपत्र लावून एम.ए. किंवा बँक पीओ करता येईल का? आणि यूपीएससी?

नाही. एम.ए.ला विद्यापीठाची पदवी लागते. पीओ ही अधिकाऱ्याची जागा, गट 'क' ची नव्हे. नागरी सेवा परीक्षेलाही खरी पदवीच हवी. सतरा वर्षं नोकरी करून घरी आलेल्या, पुढे काम करायला अजून वीस वर्षं असलेल्या माणसाला हे तेव्हा कळणं फार वाईट. म्हणून नोकरीत असतानाच इग्नू किंवा मुक्त विद्यापीठाची पदवी घ्या (प्रश्न १०). प्रमाणपत्र मिळतंच आहे, तेही घ्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

१७. मी जुन्या भरतीतला, दहावी झालेली नाही. मला काही सवलत आहे का?

इंडियन आर्मी स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन असेल, किंवा नौदल-हवाई दलातलं त्याच तोडीचं प्रमाणपत्र असेल, तर प्रश्न १५ मधल्या नियमासाठी ते दहावीच्या जागी धरलं जातं. ते डिस्चार्ज बुकात नोंदलेलं आहे का ते पाहा. नोंद नसेल तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. अर्ज कसा करायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात समजावून सांगतात.

१८. अग्निवीराला चार वर्षांनी ही पंधरा वर्षांची सवलत मिळते का?

नाही. चार वर्षांवर बाहेर पडणाऱ्याला पंधरा वर्षांची अट पुरी होत नाही आणि पेन्शनही नसतं. कायम झालेल्या २५ टक्क्यांची पुढची किमान १५ वर्षांची सेवा वेगळी. बाहेर पडणाऱ्यांच्या हाती सेवानिधी (चार वर्षांनी मिळणारी एकरकमी रक्कम), कौशल्याचं प्रमाणपत्र आणि प्रश्न ९ मधल्या मार्गानं मिळवलेली बारावी किंवा पदवी एवढंच असतं. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी राखीव जागा आहेत, पण तिथेही त्या त्या पदाची शैक्षणिक अट लागूच राहते.

१९. दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि आधारवर नाव वेगळं आहे. काय करावं?

आधार दुरुस्त करून घ्या, कारण तेच सोपं आहे. सैन्यात नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरून धरतात आणि नोकरीभर तीच राहते. आईचं नाव, आडनाव आधी की नंतर, 'राव' किंवा 'बाई' जोडलेलं आहे की नाही, इथपर्यंत अक्षर न् अक्षर जुळवून बघा. चूक दहावीच्याच प्रमाणपत्रात असेल, तर शाळेमार्फत मंडळाच्या विभागीय कार्यालयात अर्ज करावा लागतो. त्याला वेळ लागतो, तेव्हा भरतीची जाहिरात येण्याची वाट बघू नका.

२०. जास्तीचं शिक्षण लपवलं तर चालेल का? ट्रेड्समनला पदवी सांगू नये असं कोणीतरी म्हणालं.

लपवू नका. जास्त शिक्षण ही अपात्रता नाही (प्रश्न ६). लपवलेली पदवी पुढे एसीसी, सीडीएस किंवा निवृत्तीनंतरच्या नोकरीसाठी बाहेर काढायची वेळ आली, की भरतीच्या अर्जातलं जुनं उत्तर आडवं येतं. खोटी गुणपत्रिका मात्र थेट नोकरीच घालवते. भरती झाल्यावर सैन्य गुणपत्रिका मंडळाकडे पडताळणीसाठी पाठवतं, आणि उत्तर यायला काही महिने लागले तरी ते येतं. तोवर मुलगा प्रशिक्षण पूर्ण करून पलटणीत गेलेला असला, तरी तिथून त्याला काढून टाकलं जातं आणि गुन्हा दाखल होऊ शकतो तो वेगळाच. भरती करून देतो म्हणून पैसे आणि मूळ कागद मागणारा कोणी भेटला, तर त्याच्या हाती गुणपत्रिका देऊ नका.